दार बंद

अडतीस वर्षं मी मीटरचे आकडे लिहिले,
इतवारीच्या बोळांत, मानेवाड्याच्या लेआउटांत,
कुत्रं बांधलं का विचारत, स्टुलावर चढत,
काचेवरची धूळ बोटानं पुसत.
आता गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला
एका फुटलेल्या ताऱ्याचं रीडिंग घेतो.

सप्तर्षीच्या शेपटाजवळ, एका धुरकट दीर्घिकेच्या काठाला
आठ फेब्रुवारीपर्यंत काही नव्हतं.
उत्तरेला कोराडीचा उजेड आभाळाला तांबूस लेप लावतो,
म्हणून कठड्याला काळी ताडपत्री बांधली.
डावीकडे ओळखीचा एक तारा, बारा पूर्णांक एक.
उजवीकडे दुसरा, तेरा शून्य.
हा त्या दोघांच्या मधे कुठं बसतो, एवढंच ठरवायचं.
थेट पाहायचं नाही. थेट पाहिलं की विरतो.
नजर जराशी बाजूला ठेवायची,
दुपारी एकट्या बाईच्या घरात शिरलं की
आपण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो, तशी.

बारा नऊ.
बारा पाच.
बारा दोन.
आकडा उतरतो तसा उजेड चढतो, हे रत्नमालाला पटत नाही.
"मीटर उलटं फिरून राहिलं म्हणजे चोरीच नं हो?"
चोरी नाही, म्हटलं, थकबाकी.
पाच कोटी वर्षांची. आता कुठं जमा होऊन राहिली.

पंधराला दुपारी काटोलकडे गारा पडल्या.
साळ्याचा फोन आला, आंबिया बहाराचा बागेत सडा झाला म्हणून.
मी हो हो म्हणत होतो आणि खिडकीतून वर बघत होतो.
सात रात्री जिना चढलो, सात रात्री उतरलो.
आठव्या रात्री बारा शून्य.
त्यानंतर दोन दिवसांनी बारा एक.
म्हणजे शिखर होऊन गेलं होतं,
ढगांच्या वर, माझ्या डोक्यावर, मी घरात असताना.

पल्लवी उईके, वरच्या गल्लीतली, इंजिनिअरिंगला आहे,
तिनं माझ्या वहीतले ठिपके लॅपटॉपवर मांडले.
चढ आला, उतार आला, मधे खिंडार.
"काका, रेघ ओढून देऊ का मधून? एका क्लिकचं काम."

कुलूपबंद घर लागलं की आम्ही कार्डावर लिहायचो:
दार बंद, सरासरी.
मागच्या तीन महिन्यांची बेरीज, भागिले तीन.
नंदनवनात बोरकुटे मास्तरांच्या घराला
मी सलग पाच महिने सरासरी लावली.
सहाव्या महिन्यात पुतण्यानं दार उघडलं.
चकती कधीची थांबलेली.
मास्तर पहिल्याच महिन्यात मेडिकलला भरती झाले,
तिथूनच गेले.
कागदावर मात्र त्यांच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लागत होता,
उन्हाळ्यात पंखासुद्धा.
अक्षर माझं.

"राहू दे," मी पल्लवीला म्हणालो.
"पण बाकी लोकांचे आकडे आहेत नं, चिलीतले, पुण्यातले."
"त्यांनी पाहिले, त्यांनी लिहावे."
ती थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली,
मग म्हणाली, काका, चहा मांडते काकू, थांबू का?

मार्च गेला. बारा सात. तेरा. तेरा दोन.
कुलर लागले, गल्लीभर वाळ्याचा वास.
आठ एप्रिलला पाऊण तास डोळा लावून बसलो,
डावीकडे, उजवीकडे, सगळे हजर,
मधली जागा मोकळी.
वहीत लिहिलं: तेरा चारपेक्षा मंद.
दिसला नाही, हेही रीडिंगच आहे; त्याला खूण असते वेगळी.
पल्लवी सांगते, तो विझला नाहीये अजून,
आत कोबाल्टचं लोखंड होत राहतं, हळूहळू,
त्या ऊबेवर जळतो.
तिच्या पुस्तकात असेल. माझ्या दुर्बिणीत नाही.

उठताना तोल गेला
म्हणून वरच्या मजल्यासाठी सोडलेली सळई धरली.
पोरगा तिकडं बंगळुरूला, मजला होणार नाही आता.
रात्रीचे अकरा वाजले होते
आणि सळई अजून चटका देत होती.